बेल वाजवा आणि पुढच्या टेबलाकडे वळा: व्हर्च्युअल मशीन डिस्क-नेटवर्कशी कसं बोलतं

ब्रॉडकॉमनं नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हर्च्युअल मशीन चालवायचं सॉफ्टवेअर विकणारी व्हीएमवेअर ही कंपनी ताब्यात घेतली. महिन्याभरात कायमस्वरूपी लायसन्सची विक्री बंद झाली आणि सगळं वर्गणीवर आलं. नूतनीकरणाची नवी कोटेशनं हातात पडल्यावर ठिकठिकाणच्या आयटी विभागांत एकच चर्चा सुरू झाली, की हे बिल भरत राहायचं का तेच काम फुकटात करणाऱ्या लिनक्सच्या केव्हीएमवर बिऱ्हाड हलवायचं?

काहींनी हलवलं. हलवल्यावर पहिल्या आठवड्यात हमखास ऐकू येणारी तक्रार अशी असते: मशीन सुरू झालंय, प्रोसेसर जवळपास रिकामा बसलाय, पण छोट्या छोट्या फाइली कॉपी व्हायला अर्धा दिवस जातो. दोष लगेच केव्हीएमच्या माथी मारला जातो. ‘फुकटचं ते फुकटचंच’ हेही कुणीतरी म्हणून घेतं. बहुतेक वेळा दोष केव्हीएमचा नसतो. तो कशाचा असतो हे कळायला लिनक्सच्या पोटातल्या दोन लहानशा सोयी समजून घ्याव्या लागतात. त्यांची नावं आयओइव्हेंटएफडी आणि आयआरक्यूएफडी. नावं भीतीदायक आहेत खरी, पण त्यामागची कल्पना कुठल्याही चालत्या हॉटेलात रोज वापरली जाते.

## आधी व्हीएमची ओळख

व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, हा खऱ्या संगणकाच्या आत चालणारा आणि स्वतःला खरा समजणारा दुसरा संगणक. आतल्याला गेस्ट म्हणतात, बाहेरच्याला होस्ट. एका दणकट सर्व्हरवर असे वीस-पंचवीस गेस्ट आरामात राहतात. क्लाउडवर ‘सर्व्हर घेतला’ असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा असाच एक गेस्ट भाड्यानं घेतलेला असतो.

यातलं आकडेमोडीचं काम सोपं आहे. इंटेलनं २००५ च्या अखेरीस आणि एएमडीनं २००६ मध्ये प्रोसेसरमध्येच अशी सोय दिली, की गेस्टच्या सूचना थेट खऱ्या प्रोसेसरवर चालाव्यात. कुमरानेट या इस्रायली कंपनीत काम करणाऱ्या अवी किविटी यांनी त्या सोयीवर उभारलेला केव्हीएम ऑक्टोबर २००६ मध्ये जाहीर केला. फेब्रुवारी २००७ च्या २.६.२० आवृत्तीपासून तो लिनक्सच्या कर्नलचाच भाग आहे. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. प्रोसेसर, मेमरी आणि उपकरणं कुणाला कधी वापरायला मिळतील ते कर्नल ठरवतं.

गाडं अडतं ते उपकरणांपाशी. गेस्टला वाटतं आपल्याला एक नेटवर्क कार्ड आहे, एक डिस्क आहे. प्रत्यक्षात तिथे काहीच नसतं. गेस्ट त्या नसलेल्या कार्डाला हात लावायला गेला, म्हणजे त्याच्या ठरलेल्या पत्त्यावर काही लिहायला किंवा वाचायला गेला, की प्रोसेसर त्याला जागच्या जागी थांबवतो आणि ताबा होस्टच्या कर्नलकडे देतो. याला एक्झिट म्हणतात. कर्नलमधल्या केव्हीएमला कार्डाचं सोंग वठवता येत नाही, म्हणून ते काम आणखी बाहेर बसलेल्या एका साध्या प्रोग्रॅमकडे जातं. त्याचं नाव क्यूएमू. फाब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये तो पहिल्यांदा लोकांपुढे आणला. क्यूएमू बघतो की गेस्टनं काय लिहिलं, खरं कार्ड असतं तर त्यानं काय केलं असतं, तसं करतो आणि ताबा उलट वाटेनं परत देतो.

## जुनी पद्धत कुठे मार खाते

गर्दीच्या वेळचं मिसळीचं हॉटेल डोळ्यांपुढे आणा. टेबलाटेबलावर फिरणारा वेटर म्हणजे गेस्टचा प्रोसेसर. आत भटारखान्यात आचारी आहे. डिस्क आणि नेटवर्कचं खरं काम करणारा होस्टवरचा प्रोग्रॅम तो. मधे गल्ल्यावर मालक बसलाय, तो कर्नल.

आता समजा या हॉटेलचा नियम असा आहे: ऑर्डर मिळाली की वेटरनं टेबलं सोडायची, गल्ल्यावर यायचं, मालकानं त्याला आत पाठवायचं, तिथं आचाऱ्याला ऑर्डर समजावून सांगेपर्यंत आणि तो ती मनावर घेईपर्यंत उभं राहायचं, मग परत गल्ल्यावरून बाहेर. प्रत्येक पावाच्या लादीसाठी हीच वारी. आचारी कितीही चपळ असला तरी बाहेरची टेबलं खोळंबणारच, कारण वेटरचा वेळ चालण्यात जातोय.

नुसत्या एक्झिटला, म्हणजे गल्ल्यापर्यंत येऊन परत जायला, प्रोसेसरची हजाराच्या घरातली चक्रं जातात. भटारखान्यापर्यंतची फेरी त्याच्या कितीतरी पट महाग. त्यात २०१८ च्या जानेवारीत मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरमधले दोष उघड झाले. त्यांवरचे उपाय म्हणून कर्नलनं प्रत्येक उंबरठ्यावर जादा झाडाझडती सुरू केली, तेव्हा या फेऱ्या आणखी महागल्या. क्यूएमूची स्वतःची एक अडचण वेगळीच. त्याच्या बऱ्याच कामांना एकच मोठं कुलूप आहे. आठ प्रोसेसरांच्या गेस्टमधले आठही वेटर एकदम आत गेले तर सात जण दाराशी रांगेत.

## चिठ्ठी तारेवर, बेल वेगळी

यातून सुटायची पहिली पायरी म्हणजे ऑर्डर आणि हाक या दोन गोष्टी वेगळ्या करणं.

ऑर्डरचा प्रश्न व्हर्टआयओनं सोडवला. रस्टी रसेल यांनी मांडलेली ही पद्धत जानेवारी २००८ च्या २.६.२४ आवृत्तीत लिनक्समध्ये आली आणि २०१६ मध्ये ओएसिस या संस्थेचं अधिकृत मानक झाली. त्यात गेस्टला खोट्या कार्डाचं सोंग दाखवतच नाहीत. त्याला सरळ सांगतात, की बाबा रे, तू व्हीएममध्ये आहेस, उगाच नाटक नको. गेस्ट आणि होस्ट दोघांनाही दिसेल अशा मेमरीत एक गोल रांग ठेवलेली असते. गेस्ट त्यात नोंदी टाकत जातो: अमुक पत्त्यावर इतक्या बाइटचा मजकूर आहे, तो पाठव. गेस्टची मेमरी ही मुळात क्यूएमूचीच मेमरी असते, त्यामुळे या चिठ्ठ्या वाचायला कुणाला कुठे जावं लागत नाही. भटारखान्याच्या खिडकीत ऑर्डरच्या चिठ्ठ्या अडकवायची तार दोन्ही बाजूंनी दिसते, तसं.

उरली हाक. चिठ्ठी अडकवल्याचं आचाऱ्याला कळणार कसं?

इथे इव्हेंटएफडी येतो. तो केव्हीएमसाठी बनलेला नव्हता. दाविदे लिबेन्झी यांनी तो जुलै २००७ च्या २.६.२२ आवृत्तीत सर्वसाधारण वापरासाठी आणला. त्याआधी एका प्रोग्रॅमला दुसऱ्याला नुसतं ‘ऊठ’ म्हणायचं असेल तर पाइप वापरत. त्याला दोन टोकं सांभाळावी लागत आणि कर्नलमध्ये मजकुरासाठी जागा अडायची, पाठवायचा मजकूर मात्र काहीच नसायचा.

इव्हेंटएफडी म्हणजे कर्नलनं जपून ठेवलेला ६४ बिटांचा एक आकडा. बस, एवढंच. लिनक्सच्या रिवाजाप्रमाणे तो फाइलसारखा उघडता, लिहिता, वाचता येतो. त्यात १ लिहिला की आकडा एकानं वाढतो. वाचला की साठलेला आकडा हाती येतो आणि मूळ जागी शून्य होतं. शून्य असताना वाचायला गेलात तर कर्नल तुम्हाला झोपवून ठेवतो आणि कुणी भर घातली की उठवतो. लिहिणं-वाचणं आठ बाइटांच्या हिशेबानं. सातच बाइट पाठवलेत तर कर्नल चूक म्हणून परत लावतो. लागोपाठ तीन जणांनी एकेक भर घातली आणि मग वाचणारा जागा झाला, तर त्याला एकदम ३ मिळतात. तीनदा उठावं लागत नाही.

## बेल बसवली कुठे

दोन जागी.

पहिली बेल वेटरच्या हाताशी. व्हीएम सुरू होताना क्यूएमू केव्हीएमला सांगून ठेवतो: ‘या पत्त्यावर गेस्टनं इतक्या बाइटचं काही लिहिलं तर मला बोलावू नकोस. या इव्हेंटएफडीत भर घाल आणि गेस्टला लगेच परत कामाला सोड.’ हवं तर पत्त्याबरोबर ठरावीक आकड्याचीही अट घालता येते. म्हणजे एकाच पत्त्यावर ० लिहिला तर पहिल्या रांगेची बेल, १ लिहिला तर दुसऱ्या रांगेची. हीच ती आयओइव्हेंटएफडी. एक्झिट इथेही होतो, हे लक्षात घ्या. पण तो गल्ल्यापाशीच संपतो. मालक बेल दाबतो, वेटर वळतो आणि पुढच्या टेबलाकडे जातो. आचारी वेगळ्या प्रोसेसरवर आपला उठतो आणि तारेवरच्या चिठ्ठ्या काढायला लागतो.

दुसरी बेल उलट्या दिशेची. आचाऱ्याचं काम झालं की त्यानं दुसऱ्या एका इव्हेंटएफडीत भर घालायची. केव्हीएम त्या आकड्यावर कान लावून बसलेला असतो. भर पडताच तो गेस्टला इंटरप्ट देतो, म्हणजे ‘हातातलं थांबव, तुझं सामान आलंय’ असा इशारा. ही आयआरक्यूएफडी.

मला या रचनेत सगळ्यात जास्त आवडतं ते हे, की दोन्ही टोकांना एकमेकांची ओळखच नाही. केव्हीएमला माहीत नाही की बेल ऐकून कोण उठणार आहे. उठणाऱ्याला माहीत नाही की बेल व्हीएमनं वाजवली की आणखी कुणी. दोघांच्या मधे फक्त एक आकडा आहे. त्यामुळे आचारी बदलता येतो. तो क्यूएमूमधला एखादा धागा (थ्रेड), म्हणजे प्रोग्रॅमच्या आत स्वतंत्रपणे चालणारं एक काम, असेल, कर्नलमधला असेल, किंवा तिसऱ्याच प्रोग्रॅममधला असेल. उघडलेली फाइल एका प्रोग्रॅमकडून दुसऱ्याकडे सोपवायची सोय लिनक्समध्ये पूर्वापार आहे, आणि इव्हेंटएफडी फाइलसारखा असल्यानं तोही तसाच सोपवता येतो. केव्हीएमची एक ओळही बदलावी लागत नाही.

## मोठा घोडा अडला, शिंगरू गेलं

या दोन बेला लिनक्समध्ये आणल्या ग्रेगरी हॅस्किन्स यांनी, २००९ मध्ये. तेव्हा ते नोव्हेल या सॉफ्टवेअर कंपनीत होते आणि त्यांचं खरं स्वप्न मोठं होतं. अलॅक्रिटीव्हीएम नावाचा त्यांचा प्रकल्प होता. त्यात उपकरणांचं सगळं कर्नलच्या आत हलवणारी व्हीबस ही नवी रचना होती. केव्हीएमच्या मंडळींना ती नको होती. व्हर्टआयओ असताना आणखी एक समांतर व्यवस्था कशाला, असं त्यांचं म्हणणं. वाद लांबला. व्हीबस मूळ कर्नलमध्ये कधीच आली नाही. तिच्यासाठी म्हणून बांधलेल्या या दोन छोट्या सोयी मात्र डिसेंबर २००९ च्या २.६.३२ आवृत्तीत आल्या आणि राहिल्या.

गंमत पुढे आहे. मायकेल त्सिर्किन यांचं व्हीहोस्ट-नेट मे २०१० च्या २.६.३४ आवृत्तीत आलं, तेच मुळी या बेलांवर उभं होतं. त्यात आचारी कर्नलमध्येच बसतो. गेस्ट पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून जाणारा मजकुराचा तुकडा, रांगेत टाकतो, केव्हीएम बेल देतो, कर्नलमधला धागा पॅकेट नेटवर्कवर सोडतो, उलट बेल देतो, केव्हीएम गेस्टला इंटरप्ट देतो. क्यूएमू या वाटेत कुठेच नाही. तो सुरुवातीला तारा जोडून देतो आणि बाजूला होतो. हॅस्किन्स यांची मोठी मांडणी नाकारली गेली, आणि तिला हरवणारी मांडणी त्यांच्याच बेला वापरून जिंकली. लिनक्सच्या इतिहासात असे न्याय बरेच झालेत.

## तीन बेलांची एक झाली, तर ऑर्डर हरवणार नाही?

हा प्रश्न पडायलाच हवा. आकड्यात भर पडताना गेस्टनं काय लिहिलं, कधी लिहिलं, यातलं काहीच टिकत नाही. उरतं ते एवढंच, की तुम्ही मागच्या वेळी पाहिल्यापासून निदान एकदा बेल वाजली. ते पुरेसं असतं, कारण ऑर्डर बेलमध्ये नाही, तारेवर आहे. आचाऱ्यानं उठल्यावर तार रिकामी होईपर्यंत चिठ्ठ्या काढायच्या, एवढा नियम पाळला की तीन बेलांना एकदा उठणं चालतं.

खरा धोका दुसरीकडे आहे. आणि तो इतका चकवा देणारा आहे की त्यावर जरा रेंगाळू.

आचारी कामात गढलेला असताना प्रत्येक चिठ्ठीला बेल वाजवणं म्हणजे फुकटचा एक्झिट. म्हणून व्हर्टआयओमध्ये त्याला पाटी लावता येते: ‘मी जागाच आहे, बेल नको.’ वेटरलाही आपल्या बाजूनं तशी पाटी लावता येते. पाटी असेल तर वेटर चिठ्ठी अडकवून मुकाट पुढे जातो. गर्दीच्या वेळी हजारो चिठ्ठ्यांमागे मोजक्याच बेला वाजतात. व्हर्टआयओचा वेग बऱ्याच अंशी या न वाजलेल्या बेलांमध्ये आहे.

आता हा क्षण पाहा. आचाऱ्यानं शेवटची चिठ्ठी काढली. तार रिकामी आहे हे पाहिलं. आता झोपायचं, म्हणून पाटी काढायला हात उचलला. तो हात पोचायच्या आत वेटरनं नवी चिठ्ठी अडकवली, पाटी पाहिली, ‘बेल नको’ वाचलं आणि निघून गेला. मग आचाऱ्यानं पाटी काढली आणि झोपला. तारेवर चिठ्ठी आहे, आचारी बेलची वाट पाहतोय, वेटर मिसळीची. कुणाचंच काही चुकलेलं नाही आणि हॉटेल बंद पडलंय. प्रत्यक्षात हे असं दिसतं: गेस्टचं नेटवर्क अचानक गप्प, प्रोसेसर शून्य टक्क्यांवर, लॉगमध्ये एक अक्षर नाही. आणखी एखादं पॅकेट बाहेर पडलं की बेल वाजते आणि सगळं पुन्हा सुरळीत! असा दोष शोधणाऱ्याची काय अवस्था होत असेल ती कल्पना करा.

उपाय क्रमात आहे. आचाऱ्यानं आधी पाटी काढायची, मग पुन्हा एकदा तार बघायची, आणि ती तेव्हाही रिकामी असली तरच झोपायचं. वेटरनं आधी चिठ्ठी अडकवायची, मगच पाटी बघायची. दोघांनी हा क्रम पाळला तर दोघांपैकी एकाला तरी दुसऱ्याची हालचाल दिसतेच.

इथंही एक मेख आहेच. आधुनिक प्रोसेसर लिहिलेल्या क्रमानं काम करतीलच असं नाही. एका जागी लिहा आणि मग दुसऱ्या जागेचं वाचा असं सांगितलं, तर वेग वाढवण्यासाठी ते वाचन आधी उरकून घेतात. आपल्या नेहमीच्या इंटेल-एएमडी प्रोसेसरांवरही हे होतं. म्हणजे वेटरच्या प्रोग्रॅममध्ये ‘आधी चिठ्ठी, मग पाटी’ असं लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्षात पाटी आधी वाचली जाऊ शकते. म्हणून या दोन पावलांच्या मधे मेमरी बॅरियर नावाची सूचना घालावी लागते: याच्या आधीचं लिहिणं सगळ्यांना दिसल्याशिवाय पुढचं वाचन करू नकोस. व्हर्टआयओच्या ड्रायव्हरात, म्हणजे गेस्टमधल्या उपकरणाशी बोलणाऱ्या प्रोग्रॅमात, ही एक ओळ काढली तर मशीन कदाचित महिनाभर बिनतक्रार चालेल आणि मग एका रात्री थांबेल.

पाटीचीही पुढची सुधारित आवृत्ती आहे. हो-नाहीऐवजी तिच्यावर क्रमांक लिहिता येतो: ‘अमुक क्रमांकाची चिठ्ठी लागली की बेल दे.’ मग सतत पाटी लावणं-काढणं नको.

## मग सतत बघतच का राहू नये?

बेलच नको, आचाऱ्यानं अष्टौप्रहर तारेकडे टक लावून बसावं. वेग त्यात खरोखर जास्त मिळतो. डीपीडीके हा कर्नलला वळसा घालून पॅकेटं हाताळणारा संच वापरणाऱ्या टेलिकॉमवाल्यांच्या यंत्रणा हेच करतात. पण टक लावून बसलेला प्रोसेसर काम असो वा नसो, शंभर टक्के जळतो. सेकंदाला लाखो पॅकेटं येत असतील तर ते परवडतं. रात्री दोन वाजता कुणी फिरकत नसलेल्या कॉलेजच्या वेबसाइटसाठी एक अख्खा प्रोसेसर गुंतवणं हा शुद्ध अपव्यय.

मधला मार्ग असा, की झोपण्याआधी थोडा वेळ डोळे उघडे ठेवायचे. गेस्टचा प्रोसेसर रिकामा होऊन थांबला की केव्हीएम त्याला लगेच झोपवत नाही, जरा वाट पाहतो. नेहमीच्या प्रोसेसरांवर ही वाट बघायची कमाल मर्यादा २०० मायक्रोसेकंद ठेवलेली आहे. तेवढ्यात काम आलं तर झोपून उठायचा खर्च वाचला.

## खरं कार्डच गेस्टला देऊन टाकलं तर?

तेही करतात. होस्टवरचं खरं नेटवर्क कार्ड, किंवा त्याचा एक हिस्सा, थेट गेस्टच्या हवाली करता येतो. आचाऱ्याची गरजच संपते. पण मग ते गेस्ट त्या कार्डाला बांधलं जातं. चालतं व्हीएम एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवणं, जे दुरुस्तीच्या वेळी सर्रास करावं लागतं, ते अवघड होऊन बसतं. शिवाय कार्डाचे हिस्से मोजकेच असतात.

आणि गंमत म्हणजे या पद्धतीतही खऱ्या कार्डाचा इंटरप्ट गेस्टपर्यंत पोचवायला लिनक्स इव्हेंटएफडीच वापरतं. इंटेलच्या सर्व्हर प्रोसेसरांत २०१३ च्या सुमारास अशी सोय आली, की चालू गेस्टला न थांबवता, एक्झिट न घडवता इंटरप्ट थेट त्याच्या हातात ठेवता यावा. परतीच्या बेलचा खर्च त्यानं बराच उतरला. जाणाऱ्या बेलचा एक्झिट मात्र नेहमीच्या व्हर्टआयओत आजही आहे.

## कर्नलमध्ये आचारी बसवणं धोक्याचं नाही का?

आहे. बेलमध्ये धोका नगण्य आहे, कारण तिच्यातून मजकूर जातच नाही. एखाद्या खट्याळ गेस्टनं बेल दाबत राहायचं ठरवलं तर प्रत्येक दाबण्याला त्याचाच वेळ जातो. पण चिठ्ठ्या वाचणारा कर्नलमध्ये असेल आणि त्यानं चिठ्ठीवर आंधळा विश्वास ठेवला तर घर फिरलं. २०१९ मध्ये टेन्सेंट या चिनी कंपनीच्या सुरक्षा संशोधकांना व्हीहोस्टमध्ये नेमकं असंच छिद्र सापडलं. व्हीएम एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवलं जात असताना गेस्टनं मुद्दाम चुकीच्या लांबीची नोंद रांगेत टाकली तर होस्टच्या कर्नलच्या मेमरीत घुसता येत होतं. ते बुजवलं गेलं.

म्हणून कर्नलबाहेर ठेवलं की सगळं सुरक्षित, असंही समजू नका. २०१५ मध्ये गाजलेलं व्हेनम हे छिद्र कर्नलबाहेरच्या क्यूएमूमध्ये होतं, आणि तेही फ्लॉपी ड्राइव्हच्या सोंगात. फ्लॉपी कुणी वापरत नव्हतं, पण सोंग चालूच होतं! फरक इतकाच, की बाहेरच्या प्रोग्रॅममधून सुटलेल्याला अजून एक भिंत ओलांडायची असते, कर्नलमधून सुटलेल्याला नसते. ॲमेझॉननं २०१८ मध्ये खुलं केलेलं, क्यूएमूच्या जागी वापरायचं फायरक्रॅकर हे त्याचं उत्तर म्हणून बघता येईल. केव्हीएम तेच, या दोन बेला त्याच, पण आचारी पुन्हा कर्नलबाहेर, आणि उपकरणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. माझं मत विचाराल तर अनोळखी लोकांचे गेस्ट पोसणाऱ्यानं थोडा वेग सोडून हाच रस्ता धरावा. आपल्याच कंपनीचे गेस्ट असतील तर व्हीहोस्ट बिनदिक्कत वापरावं आणि कर्नलचे अपडेट वेळेवर घ्यावेत.

## आता त्या रडणाऱ्या डिस्ककडे

व्हीएमवेअरवरून आणलेला गेस्ट केव्हीएमवर पहिल्या फटक्यात सुरू व्हावा म्हणून बरेच जण त्याला सर्वांना ओळखीची उपकरणं देतात: नेटवर्कला इंटेलचं जुनं ई१००० कार्ड, डिस्कला आयडीई किंवा साटा या नेहमीच्या जोडण्या. ही सगळी सोंगं. आणि सोंगाला आपली बेल लागू पडत नाही, याचं कारण नीट बघण्यासारखं आहे.

बेल फक्त अशा लिहिण्याला चालते ज्याला उत्तर नको असतं. ‘दोन मिसळ’ असं सांगून वेटर निघून जाऊ शकतो. ‘आज काय काय आहे?’ असं विचारलं तर उत्तर ऐकायला थांबावंच लागतं. ई१००० चा ड्रायव्हर प्रत्येक इंटरप्टला कार्डाला विचारतो, की कशासाठी बोलावलंस? हे वाचन आहे. उत्तर क्यूएमूकडेच आहे. म्हणजे भटारखान्यापर्यंतची पूर्ण फेरी, दर इंटरप्टला. मोठ्या फाइलीत एकेका फेरीमागे बराच मजकूर जातो, म्हणून तिथे तितकं बोचत नाही. डेटाबेससारख्या छोट्या छोट्या विचारणांना मात्र फेरीच कामापेक्षा मोठी होते. प्रोसेसर रिकामा दिसतो तो यामुळेच: वेटर थकलेला नाही, तो आत उभा आहे.

हे स्वतः बघता येतं. होस्टवर रूट होऊन, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्यातून, केव्हीएम-स्टॅट ही आज्ञा चालवा. कुठल्या कारणानं किती एक्झिट होताहेत ते दर सेकंदाला दिसेल. प्रॉक डिरेक्टरीत क्यूएमूच्या प्रोसेस क्रमांकाखाली एफडी नावाचं फोल्डर असतं, त्याची यादी काढलीत तर चौकोनी कंसात इव्हेंटएफडी लिहिलेल्या ओळींची रांग लागते. तिथलाच एखादा क्रमांक घेऊन शेजारच्या एफडीइन्फो फोल्डरात पाहिलात तर त्या बेलचा सध्याचा आकडाही वाचता येतो. बहुतेक वेळा तो शून्य असतो, कारण वाचणारा तुमच्यापेक्षा चपळ आहे.

उपाय म्हणजे कार्ड आणि डिस्क व्हर्टआयओवर नेणं. लिनक्सच्या गेस्टमध्ये ड्रायव्हर मुळातच असतात. पण लिनक्सची काही वितरणं, म्हणजे वेगवेगळ्या संस्थांनी बांधून दिलेली त्याची रूपं, सुरू होतानाच्या छोट्या डिस्कप्रतिमेत, म्हणजे इनिटरॅमएफएसमध्ये, फक्त त्या यंत्राला लागणारेच ड्रायव्हर भरतात. व्हीएमवेअरवर बनलेल्या प्रतिमेत व्हर्टआयओ नसू शकतं. हलवण्यापूर्वी ती नव्यानं बनवून घ्या, नाहीतर गेस्टला स्वतःचीच डिस्क दिसणार नाही.

विंडोजमध्ये ड्रायव्हर आधी बसवावे लागतात, आणि नुसते बसवूनही भागत नाही. बूट होणारी डिस्क एकदम व्हर्टआयओवर टाकलीत तर निळा पडदा येण्याची शक्यता दाट. जुनीजाणती मंडळी एक युक्ती करतात. मूळ डिस्क आहे तशी ठेवायची आणि एक-दोन जीबीची रिकामी दुसरी डिस्क व्हर्टआयओवर जोडून विंडोज एकदा सुरू करायचं. विंडोज त्या डिस्कसाठी ड्रायव्हर लावून घेतं, बूटच्या वेळीही तो उचलायला शिकतं. मग मशीन बंद करून मूळ डिस्क व्हर्टआयओवर न्यायची आणि रिकामी काढून टाकायची. त्यानंतर केव्हीएम-स्टॅट पुन्हा लावा. एक्झिटांचा आकडा ठळकपणे खाली आला नसेल, तर नेटवर्क कार्ड अजून ई१००० वरच राहिलंय का ते आधी तपासा; डिस्क बदलण्याच्या नादात ते हमखास विसरलं जातं.